प्राथमिक शाळेत नागरी मूल्यांचा लवचीक राष्ट्रीय अभ्यासक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशपातळीवर मूल्यांचा आराखडा ठरतो, त्याची प्रत शाळेत येते आणि शिक्षकखोलीत प्रश्न सुरू होतात. हे कधी शिकवायचं, कोणी शिकवायचं, गुण द्यायचे का, पालक काय म्हणतील? प्रशिक्षणांत आणि शाळाभेटींत हे प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. जिथे घोडं जास्त अडतं तिथली उत्तरं लांबली आहेत.

नागरी मूल्यं म्हणजे चांगल्या सवयीच ना?

दोन्ही गोष्टी जवळच्या, पण एक नाहीत. जेवणाआधी हात धुणं ही सवय. ती एकटं मूलही पाळू शकतं. आपला नंबर येईपर्यंत थांबणं, न पटलेला बहुमताचा निर्णय पाळणं, ज्याच्याशी आपली मैत्री नाही त्याच्यावर अन्याय होत असेल तर बोलणं, यांना मात्र दुसरी माणसं लागतात, आणि तीही आपण न निवडलेली. घरात माया असते, तिच्यापोटी पुष्कळ गोष्टी निभावून जातात. वर्गात आलेल्या मुलांनी एकमेकांना निवडलेलं नसतं, तरी एकच फळा, एकच दार, एकच चेंडू त्यांना वाटून घ्यावा लागतो. मुलाच्या आयुष्यातली ही पहिली सार्वजनिक जागा. नागरी मूल्यांचं शिक्षण इथे आपोआप सुरू होतं, आराखडा असो वा नसो. चांगलं होतं की वाईट, एवढंच आपल्या हातात असतं.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 मध्ये स्वीकारला गेला. शिक्षण कशासाठी, हे त्याच्या 29व्या कलमात सांगितलं आहे: मानवी हक्कांविषयी, आईवडिलांविषयी, स्वतःच्या भाषा-संस्कृतीविषयी आणि इतरांच्या संस्कृतींविषयी आदर, मुक्त समाजात जबाबदारीने जगण्याची तयारी, निसर्गाचा मान. 12वं कलम सांगतं की स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे आणि त्या मताला त्याच्या वयाप्रमाणे व समजेप्रमाणे वजन दिलं पाहिजे. कुठलाही आराखडा वाचताना मी ही दोन कलमं शेजारी ठेवते. 29व्याशी तो सहज जुळतो. 12व्यापाशी आलं की कागद अडखळायला लागतो.

"राष्ट्रीय" आणि "लवचीक" हे एकत्र कसं बसतं?

कुठली गोष्ट सर्वांना सारखी आणि कुठली शाळेच्या हाती, हे स्पष्ट लिहिलं तर बसतं. ते संदिग्ध ठेवलं तर लवचीक म्हणजे ऐच्छिक असा अर्थ घेतला जातो.

माझ्या मते चार गोष्टी सगळीकडे सारख्या हव्यात. मूल्यं कोणती. प्राथमिक टप्पा संपताना मुलाला काय करता यावं. आठवड्याला किमान किती वेळ द्यायचा. आणि काय कधीच करायचं नाही: अपमान, मारहाण, कुणाला गटाबाहेर ठेवणं. बाकी सगळं, म्हणजे गोष्टी कुठल्या सांगायच्या, कुठला प्रश्न आधी घ्यायचा, कुठल्या विषयात गुंफायचं, भाषा कोणती, उपक्रम कोणता, हे शाळेने ठरवावं. वाट आपापली निवडता येते, मुक्काम बदलता येत नाही. मुलगे आणि मुली समान हे आमच्या शाळेला सोयीचं नाही, असं कुठलीही शाळा लवचीकतेच्या नावाखाली म्हणू शकत नाही.

हे चालवून पाहिलेले देश आहेत. फिनलंडमध्ये राष्ट्रीय गाभा अभ्यासक्रम असतो आणि त्याच्या आधारे स्थानिक प्रशासन व शाळा आपला अभ्यासक्रम लिहितात. 2014च्या गाभा अभ्यासक्रमात सर्व विषयांतून जाणारी सात क्षमताक्षेत्रं आहेत. त्यांतलं एक म्हणजे सहभाग, परिणाम घडवण्याची ताकद आणि शाश्वत भविष्य उभारणं. न्यूझीलंडच्या 2007च्या अभ्यासक्रमानेही मूल्यं देशपातळीवर ठरवून दिली आणि ती रोजच्या कामात कशी उतरवायची हे शाळेवर सोपवलं. त्यातले तीन शब्द मला फार उपयोगी वाटतात. मूल्यांना उत्तेजन द्यावं, मोठ्यांनी ती वागून दाखवावीत आणि मुलांनी ती तपासून पाहावीत. हे तपासून पाहणं गाळलं की अभ्यासक्रमाची उपदेशमाला होते.

मूल्यं किती असावीत?

कमी. ऑस्ट्रेलियाच्या 2005च्या मूल्यशिक्षण आराखड्यात नऊ होती, न्यूझीलंडच्या 2007च्या यादीत आठ. युरोप परिषदेचा (कौन्सिल ऑफ युरोप) लोकशाही संस्कृतीच्या क्षमतांचा 2018चा आराखडा वीस क्षमता मांडतो, पण तो सर्व वयांसाठी आहे. सात वर्षांच्या मुलांसोबत काम करताना चार-पाच पुरतात: न्याय, दुसऱ्याचा मान, जबाबदारी, खरेपणा, एकत्र निर्णय घेणं. यादी वाढली की दर महिन्याला एक मूल्य भिंतीवर चढतं आणि महिना संपला की उतरतं.

स्वतंत्र तासिका ठेवायची की सगळ्या विषयांत मिसळायचं?

दोन्ही करायचं, आणि यावर मी ठाम आहे. फक्त तासिका ठेवली तर मूल्यं त्या तासापुरती उरतात. सगळ्या विषयांत मिसळून टाका म्हटलं तर ती कुणाचीच जबाबदारी राहत नाही. वेळापत्रकाचा ताण आला की ज्याचा तास नाही तेच आधी गळतं.

जपानमध्ये प्राथमिक शाळेत नैतिक शिक्षणाला आठवड्याला साधारण एक तासिका आहे. त्याखेरीज वर्गसभा, वर्गाची साफसफाई, जेवण वाढण्याच्या पाळ्या हे सगळं 'विशेष उपक्रम' म्हणून अभ्यासक्रमातच धरलेलं आहे. तिथे झाडू मारणं ही शिक्षा नसते. आपण वापरतो ती जागा आपण नीट ठेवायची, इतका साधा त्याचा अर्थ.

विषयांत मिसळणं म्हणजे गणिताच्या पुस्तकात सुविचार छापणं नव्हे. भागाकार शिकवताना विचारा: बारा रंगखडू चार जणांत सारखे वाटले, पण एकाचे हात छोटे आहेत आणि एकाला चित्र मोठं काढायचं आहे, तर सारखं वाटणं म्हणजे न्याय झाला का? तिसरीची मुलं यावर वीस मिनिटं बोलतात आणि भागाकारही पक्का होतो. भाषेच्या तासाला तीच गोष्ट ज्याला शिक्षा झाली त्याच्या तोंडून सांगायला लावा. विज्ञानात "मला असं वाटतं" आणि "मी असं पाहिलं" यांतला फरक रोज करावाच लागतो. खरेपणाची सवय तिथे लागते. मैदानावर तर वेगळं काही शोधायलाच नको.

सहा-सात वर्षांच्या मुलांना न्याय वगैरे कळतं का?

"हे बरोबर नाही" हे वाक्य शाळेत दिवसभरात किती वेळा ऐकू येतं ते एकदा मोजून बघा.

मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचं निरीक्षण करून 1932 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांकडून आलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. थोडी मोठी झालेली मुलं नियमाकडे आपापसातला करार म्हणून पाहतात: सगळ्यांना मान्य असेल तर बदलता येईल. त्यांनी मुलांना दोन गोष्टीही सांगितल्या. एका मुलाकडून दार उघडताना चुकून पंधरा कप फुटतात. दुसऱ्याकडून चोरून खाऊ काढताना एकच फुटतो. जास्त खोडकर कोण? लहान मुलं पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवतात, मोठी मुलं हेतू बघतात. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की प्रश्न सोपा करून विचारला तर लहान मुलंही हेतू लक्षात घेतात.

अभ्यासक्रमासाठी यातून निघतं ते असं: पहिली-दुसरीत नियम कोणासाठी आहे, कशासाठी आहे, हे बोलावं. तिसरीपासून नियम बनवण्यात आणि दुरुस्त करण्यात मुलांना घ्यावं.

वर्गसभा घ्या म्हणतात. ती नेमकी चालते कशी?

एका तिसरीच्या वर्गात पाहिलेलं सांगते. मधल्या सुट्टीत वर्गाला चेंडू एकच, आणि तो रोज त्याच पाच-सहा जणांकडे. मुलं गोल करून बसली. बाईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं: "चेंडू". चेंडूवाल्या गटातला एक जण म्हणाला, "आम्ही कोणाला नाही म्हणतच नाही." त्यावर मागून एक मुलगी म्हणाली, "मिळतो चेंडू. पण तो घंटा व्हायला दोन मिनिटं असताना मिळतो."

वर्ग गप्प झाला. तेवढी शांतता बाईंनी राहू दिली. मग सूचना आल्या: वार वाटून घ्या, चिठ्ठ्या टाका, दोन डाव करा. वार वाटायचं ठरत आलं तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला, "हा नियम सगळ्यात जड कोणाला जाईल?" दोन मुलं आठवड्यातून एकदा लवकर घरी जात, त्यांचा वार नेमका तोच आला होता. वार बदलला. नियम मुलांच्याच अक्षरात कागदावर उतरला, खाली तारीख पडली, आणि "पुढच्या आठवड्यात बघू" असंही लिहिलं गेलं.

पुढच्या आठवड्यात नियम एकदा मोडल्याचं निघालं. शिक्षा काय, यावर मुलांनी फार कडक सूचना केल्या. हे नेहमी होतं. तेव्हा शिक्षकाने मध्ये पडायचं. "याने चेंडूचं काय होईल?" असं विचारलं की मुलं शिक्षेकडून दुरुस्तीकडे येतात.

व्यवहाराच्या दोन-चार बाबी: आठवड्याला एकदा, तीस मिनिटांच्या आत. विषय मुलांनी वर्गातल्या पेटीत टाकलेल्या चिठ्ठ्यांतून यावेत. कुणाचं नाव घेऊन तक्रार नको, काय घडलं ते सांगायचं. सभेचं काम चालवण्याची पाळी सगळ्यांना मिळावी, बोलक्या मुलांनाच नव्हे. आणि ज्यात मुलांचा निर्णय खरोखर लागू होणार आहे तेवढेच विषय सभेपुढे ठेवा. सुरक्षिततेचा निर्णय मोठ्यांचा असेल तर तसं आधीच सांगा. आधी मत विचारून मग आपलंच करणं यातून मुलं लोकशाहीविषयी जे शिकतात ते पुसायला वर्षं लागतात.

मूल्यांना गुण किंवा श्रेणी द्यायची का?

नाही. कृपा करून नाही.

ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या अमेरिकी संशोधकांनी 1920च्या दशकात हजारो मुलांना कॉपी करण्याची, खोटं बोलण्याची, पैसे घेण्याची संधी मिळेल अशा प्रसंगांत पाहिलं. एका प्रसंगात प्रामाणिक वागणारं मूल दुसऱ्यात तसंच वागेल याचा भरवसा नव्हता. खरेपणा म्हणजे काय हे छान सांगता येणं आणि खरं वागणं यांचाही फारसा मेळ बसला नाही. मग "प्रामाणिकपणा : ब श्रेणी" या शेऱ्याला अर्थ काय? तो फक्त मुलाच्या कपाळी चिकटतो.

जपानने 2018 मध्ये प्राथमिक शाळेत नैतिक शिक्षणाला "विशेष विषय" केलं, तेव्हाही अंकांत मूल्यमापन न करता शिक्षकाने शब्दांत नोंद करावी असं ठेवलं. आपणही तसंच करावं. नोंद घडलेल्या गोष्टीची असावी. "सहकार्यवृत्ती चांगली आहे" यातून कुणालाच काही कळत नाही. "ऑगस्टमध्ये गटात स्वतःची सूचना नाकारली गेली की उठून जायचा, आता बसून राहतो आणि दुसऱ्याच्या सूचनेत बदल सुचवतो" ही नोंद पालकांना कळते, पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही कामी येते. प्रत्येक मुलाच्या सत्रात अशा दोन नोंदी पुष्कळ झाल्या. जास्त मागितल्या की त्या एकमेकांवरून उतरवल्या जातात.

मोजायचंच असेल तर शाळेला मोजा. वर्गसभा किती झाल्या, मुलांचे किती निर्णय अमलात आले, मधल्या सुट्टीत एकटं बसणारं मूल आहे का.

"आदर्श विद्यार्थी" फलक, स्टार, बक्षीस चालेल का?

मी टाळते. 1973च्या एका गाजलेल्या प्रयोगात, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र" असं आधी सांगितलं गेलं. नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. मदत करण्याचंही असंच होण्याचा धोका आहे. घडलेलं पाहून मनापासून "तू थांबलीस म्हणून त्याला दप्तर भरता आलं" म्हणणं वेगळं. त्याला फलक लागत नाही.

पालक म्हणाले, "संस्कार आम्ही घरी करतो, शाळेने लुडबुड करू नये," तर?

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे हे आधी मान्य करा. श्रद्धा, घरचे रीतिरिवाज, कोणाला नमस्कार कसा करायचा, हे घराचं क्षेत्र. अनेक घरांतली मुलं एका वर्गात बसतात तेव्हा त्यांनी एकमेकांशी कसं वागायचं, हा मात्र कुठल्याच एका घराला सुटणारा प्रश्न नाही. पालकसभेत भाषण करण्यापेक्षा एक खरी वर्गसभा पालकांना मागे बसवून दाखवा. आपलं मूल दुसऱ्याचं ऐकून घेतंय हे डोळ्यांनी पाहिल्यावर बोलण्याचा सूर बदलतो. आणि वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा, "शाळेतून बाहेर पडताना तुमच्या मुलाने लोकांशी कसं वागावं असं वाटतं?" उत्तरं आराखड्याच्या फार जवळ येतात, फक्त शब्द घरचे असतात.

वर्गात राजकारण किंवा वादाचे विषय निघाले तर?

निघतात. मुलं घरी ऐकतात, टीव्ही बघतात. जर्मनीतल्या बॉयटेल्सबाख इथे 1976 मध्ये राजकीय शिक्षणाविषयी तीन तत्त्वांवर सहमती झाली, ती आजही तिथे आधार मानली जाते. शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यावर लादायचं नाही. समाजात जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती, स्वतःचं हित तपासता यावं. प्राथमिकच्या मुलांसाठी मी याचं एवढंच करते: "काही लोकांना असं वाटतं, काहींना तसं. त्यांना तसं का वाटत असेल?" व्यक्ती आणि पक्ष यांच्या नावांत शिरत नाही.

पण माणसाची जात, धर्म, रंग, अपंगत्व यांवरून कुणी वर्गात कमी लेखलं तर तो वादाचा विषय नसतो. तिथे दोन बाजू मांडत बसायचं नाही. थांबवायचं, आणि ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जायचं.

शिक्षकाचंच वागणं चुकलं तर?

माझं चुकलं आहे. एका वर्गात गोष्टीचं पुस्तक फाटलेलं सापडलं. नेहमी धांदल करणाऱ्या मुलाकडे बघून मी सगळ्यांदेखत बोलले. दुसऱ्या दिवशी कळलं की ते पुस्तक आदल्या आठवड्यातच फाटलं होतं, कपाटाच्या दारात अडकून. मी त्याची माफी मागितली, तीही सगळ्यांदेखत, कारण बोलले होते सगळ्यांदेखत. तो काहीच बोलला नाही. मधल्या सुट्टीत डिंकाची बाटली घेऊन आला आणि आम्ही दोघांनी मिळून पान चिकटवलं. त्या वर्गात पुढे मुलं "माझं चुकलं" हे वाक्य जास्त सहज म्हणू लागली, असं मला जाणवलं.

प्रशिक्षण किती दिवसांचं हवं?

दिवस मोजू नका. हॉलमधलं एक दिवसाचं भाषण घरी पोचेपर्यंत विरतं. शिक्षकांना दर पंधरा दिवसांनी तास-दीड तास एकत्र बसायला वेळापत्रकात जागा द्या. एकाने आपल्या वर्गातला अडलेला प्रसंग मांडावा, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. मुख्याध्यापकांनीही त्यात बसावं, तपासायला नव्हे. ज्या शिक्षकाला शाळेत स्वतःला मत मांडता येत नाही तो मुलांना मत मांडायला कसा शिकवणार?

एकच शिक्षक आणि अनेक इयत्ता एकत्र असतील तर?

मग तुमचं काम उलट सोपं आहे. मोठ्याने लहानाला सांभाळून घेणं तिथे रोजचंच असतं. फक्त मोठी मुलं कायम "मॉनिटर" होणार नाहीत आणि लहानांनाही निर्णयात मत असेल, एवढं बघा.

बोलायला लाजणारी, किंवा वर्गाची भाषा नवी असलेली मुलं मागे पडतात. काय करावं?

बोलणं हा सहभागाचा एकमेव मार्ग ठेवू नका. चित्र काढून पेटीत टाकणं, हात वर करण्याऐवजी खडा टाकून मत देणं, आधी जोडीत बोलून मग जोडीदाराने सांगणं हे सगळं चालतं. घरच्या भाषेत बोललेलं दुसऱ्या मुलाने समजावून सांगितलं तर दोघंही शिकतात.

किती वर्षांत बदल दिसेल? वरून तर याच वर्षी अहवाल मागतात.

अंमलबजावणीला वेळ द्यावाच लागतो. फिनलंडने 2014 मध्ये गाभा अभ्यासक्रम मंजूर केला आणि शाळांत तो ऑगस्ट 2016 पासून आणला. मधली दोन वर्षं स्थानिक अभ्यासक्रम लिहिण्यासाठी होती. वेल्समध्ये नव्या अभ्यासक्रमाची शिफारस 2015 मध्ये झाली आणि प्राथमिक शाळांत तो सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाला. मूल "नैतिक भान असलेला, जाणता नागरिक" व्हावं हे त्याच्या चार उद्देशांपैकी एक आहे. आपल्याकडे आराखडा हाती आल्यावर पहिलं वर्ष एका-दोन वर्गांत वर्गसभा आणि नोंदी एवढंच करून बघा, दुसऱ्या वर्षी विषयांत गुंफा, तिसऱ्या वर्षी शाळेचा स्वतःचा आराखडा लिहा. लिहिण्याचं काम आधी काढलं की दुसऱ्या शाळेची फाईल आणून उतरवली जाते.

मी शाळांना भेटी देणारा अधिकारी आहे. हे खरंच चालू आहे की कागदावर, हे कसं ओळखू?

फाईल शेवटी मागा. आधी मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभे राहा आणि भांडण झालं की मुलं कोणाकडे जातात ते बघा. वर्गातला नियमांचा कागद वाचा: अक्षर कोणाचं आहे, काही खोडलेलं-बदललेलं आहे का, तारीख केव्हाची. एखाद्या मुलाला विचारा, "या वर्षी तुम्ही सांगितलं म्हणून शाळेत काय बदललं?" लगेच उत्तर आलं तर ती गोष्ट कुठे आहे ते दाखवायला त्यालाच सांगा आणि त्याच्यामागून जा.